चार अंशांच्या पाण्यात

जानेवारीतल्या मासेमारीत मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट म्हणजे पहाटे उठावं लागत नाही. उन्हाळ्यात अंधारात निघून दिवस उजाडायच्या आत नदी गाठावी लागते. हिवाळ्यात साडेदहाच्या आधी पाण्यात उतरण्यात काही अर्थ नसतो. ऊन दरीच्या तळाशी पोचलं आणि पाणी अर्धा-एक अंश चढलं की मग ट्राउट मासे तोंड उघडतात. तीनच्या सुमाराला डोंगराची सावली परत आली की दुकान बंद.

माझ्याबरोबर मासेमारीला येणाऱ्या बायोला हे वेळापत्रक कधीच पटलेलं नाही. ती वेंगुर्ल्याची. भरती-ओहोटी बघून खाडीवर गरवायला जाणाऱ्या घरातली, त्यामुळे शनिवारी सकाळी सातलाच तिचा फोन. "उठलंस काय गो?" मी पुण्याची असल्याने उठलेली नव्हते.

आम्ही दोघी अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरच्या उपनगरांत राहतो आणि जातो ती साउथ प्लॅट नदीवर, डेकर्स नावाच्या जागी. जागा म्हणजे एक दुकान, एक पूल आणि चार घरं. ट्राउट भारतातही आहेत. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काश्मीर आणि कुलूमध्ये अंडी आणून सोडली, त्यांचे वंशज आजही तीर्थनच्या खोऱ्यात सापडतात. पण तिथे हिवाळ्यात, म्हणजे माशांच्या विणीच्या काळात, मासेमारीच बंद असते. कोलोरॅडोत ही नदी बारा महिने खुली आहे. इथला परवानाही मजेशीर: एक मार्चपासून पुढच्या वर्षाच्या एकतीस मार्चपर्यंत, म्हणजे तेरा महिन्यांचं वर्ष.

आदल्या रात्री मी वारा आणि क्युसेक एवढं पाहून ठेवते. थंडी सोसता येते, पण ताशी चाळीस किलोमीटरच्या वाऱ्यात नऊ फुटी काठीने करायचं काय? क्युसेकचं म्हणाल तर पुण्यात वाढलेल्या माणसाला हा आकडा वाचायला शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात 'खडकवासल्यातून इतक्या हजार क्युसेकने विसर्ग' ही बातमी आली की भिडे पूल पाण्याखाली जाणार, हे आम्हांला लहानपणापासून कळतं. इथला आकडा मात्र हजारांत नसतो. त्या दिवशी डेकर्सच्या मोजणी केंद्रावर शंभरच्या जरा वर दिसत होता. एवढ्या पाण्यात नदी बहुतेक ठिकाणी गुडघ्याएवढी, वळणावर कमरेएवढी. हिवाळ्याला साजेसं पाणी.

दोनशे पंच्याऐंशी नंबरच्या रस्त्याने पाइन जंक्शनपर्यंत जायचं आणि तिथून डावीकडे बफेलो क्रीकमार्गे खाली उतरायचं. या रस्त्यावर दोन्ही बाजूंना अजून उघडे डोंगर दिसतात. १९९६ मध्ये बफेलो क्रीकची आग लागली आणि २००२ च्या जूनमध्ये हेमनची, जिच्यात एक लाख अडतीस हजार एकरांच्या आसपास जंगल गेलं. झाडं गेल्यावर इथल्या गुलाबी ग्रॅनाइटची भुसभुशीत रेती प्रत्येक पावसात नदीत येऊन पडू लागली. डोह भरले, दगडांमधल्या फटी बुजल्या आणि त्यांत राहणारे किडे गेले. नदी सावरली आहे, पण काही वळणांवर पाय टाकला की अजून घोट्यापर्यंत रेतीत जातो.

खरं तर ही दरी आज पाण्याखालीच असायची. खाली जिथे नदीचा उत्तरेचा फाटा येऊन मिळतो, तिथे टू फोर्क्स नावाचं अवाढव्य धरण बांधायचं ठरत आलं होतं. बरीच वर्षं भांडण चाललं आणि १९९० मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नकाराधिकार वापरून ते रद्द केलं. बायो म्हणते, "धरण नको म्हणून भांडायचं आणि धरणाच्याच जिवावर मासे पकडायचे, आमचं सगळं असंच." तिचं खरं आहे. कारण आम्ही जिथे उभ्या राहतो, ती नदी हिवाळ्यात वाहती राहते ती वरच्या चीझमन धरणामुळेच. १९०५ मध्ये पुरं झालेलं, २२१ फूट उंचीचं दगडी धरण आहे ते, त्या काळी जगातलं सगळ्यांत उंच. डेन्व्हरच्या नळांना पाणी द्यायला बांधलेलं. जलाशयावर बर्फाचा थर असतो, पण पाणी चार अंशांना सर्वांत जड होतं, म्हणून तळाशी चार अंशांचं पाणी बसून राहतं, आणि ते खालून सोडलं जातं. म्हणजे बाहेर उणे बारा असताना नदीत अधिक चार. माशांच्या दृष्टीने हा ऊबदार हिवाळा.

साडेदहाला गाडीपाशी कपड्यांचा कार्यक्रम सुरू झाला. आत लोकरीचे थर, त्यावर जाड फ्लीसची विजार, दोन जोड्या मोजे, मग छातीपर्यंतचे वेडर, म्हणजे पाण्यात उभं राहायची जलरोधक विजार, त्यावर बूट आणि कमरेला घट्ट पट्टा. पट्टा विसरायचा नाही: पाय घसरला तर वेडरमध्ये पाणी शिरणं त्यानेच लांबतं. बुटांचे तळ रबराचे आणि खिळ्यांचे हवेत. जुन्या नमद्याच्या तळांना बर्फ चिकटत जातो आणि शंभर पावलांत माणूस तीन इंच उंच होतो. इथे बायकांसाठी एक अनाहूत सल्ला. हा सगळा जामानिमा चढवायच्या आधी वाहनतळाजवळच्या स्वच्छतागृहात जाऊन या, मग ते कितीही थंड आणि कसंही असो. पुरुष मासेमारांच्या लेखांत हा मुद्दा कधीच येत नाही, कारण त्यांच्या वेडरला आता पुढून चेन असते.

पुलाच्या खालच्या अंगाला, नदी डावीकडे वळते तिथे आम्ही उतरलो. उतरलो म्हणजे लगेच पाण्यात गेलो नाही. काठावरून पाच-दहा मिनिटं नुसतं बघायचं. ट्राउट हा थंड रक्ताचा प्राणी, चार अंशांना त्याचं पचन अगदी मंद चालतं. त्यामुळे वेगवान पाण्यात उभं राहून ताकद खर्च करणं त्याला परवडत नाही. उन्हाळ्यात तो जिथे दिसतो, त्या खळाळत्या पट्ट्यांत जानेवारीत कोणी नसतं. तो खोल, संथ पाण्यात तळाला चिकटून असतो, पण अशा बेताने की बाजूच्या जोराच्या प्रवाहातून वाहत येणारं अन्न आपसूक समोरून जावं. जलद आणि संथ पाण्याच्या मध्ये एक रेघ दिसते, फेसाचे बुडबुडे तिच्यावरून चालतात. त्या रेघेच्या आतल्या बाजूला तो असतो. पंगतीत बसलेल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांसारखा तो जागचा हलत नाही. जे पानात येऊन पडेल तेवढंच खातो. वाढप्याने समोरून वीतभर लांबून नेलं तर ते त्याच्यासाठी नव्हतंच.

आणि तिथेच हिवाळ्यातल्या फ्लाय फिशिंगचं सगळं येतं. लोकांच्या मनात या प्रकाराचं जे चित्र असतं, म्हणजे डोक्यावरून हवेत लांबच लांब वळणं घेणारी दोरी, सोनेरी प्रकाश वगैरे, त्यातलं जवळजवळ काहीच इथे लागत नाही. वीस फुटांच्या पलीकडे आम्ही त्या दिवशी फारशी दोरी टाकलीच नाही. सगळं काम पाण्याखाली, खोली आणि वजन यांचं.

दोरीच्या टोकाला नऊ फुटांचा निमुळता लीडर, म्हणजे दोरीहून बारीक धागा. त्याच्या शेवटी पहिली माशी, म्हणजे गळावर दोरा-पिसं बांधून केलेलं नकली खाद्य, थोडी ढोबळ: अंड्याच्या रंगाचा एक छोटा गोळा किंवा लाल गांडूळ. इथे खरी गांडुळं, कोळंबी, पीठ काहीही चालत नाही, फक्त कृत्रिम. तिच्या मागे हातभर टिपेट, म्हणजे शेवटचा सगळ्यांत बारीक धागा, बांधून दुसरी माशी, तीच महत्त्वाची. आम्ही टिपेट सिक्स-एक्स वापरतो. हा एक्सचा हिशेब एकदा कळला की विसरत नाही: अकरातून तो आकडा वजा करायचा, उरतील तितके इंचाचे हजारांश. अकरातून सहा गेले, पाच उरले. म्हणजे ०.१२७ मिलिमीटर जाड. पहिल्या माशीच्या वीतभर वर चिमटून बसवायच्या वजनाच्या गोळ्या. आणि वर, पाण्याच्या खोलीच्या दीडपट-दुप्पट अंतरावर, तरंगणारा इंडिकेटर, ज्याला बायो 'बुच' म्हणते.

दुसरी माशी इतकी लहान का, तर हिवाळ्यात नदीत खायला जवळजवळ एकच गोष्ट असते: मिज. डासांचे नातेवाईक, पण न चावणारे. त्यांच्या अळ्या चिखलात राहतात, कोष होऊन वर येतात, पाण्याच्या पृष्ठभागावर पंख पसरतात आणि उडून जातात. त्यांची लांबी तीन-चार मिलिमीटर. त्यामुळे आमचे गळ वीस, बावीस, चोवीस नंबरचे, आणि नंबर वाढेल तसा गळ लहान. बायोच्या डबीत त्यांची रांग बघितली की तिळगुळावरचा हलवा आठवतो असं माझी मुलगी म्हणते. मला तर ती चष्म्याशिवाय दिसतच नाही.

या नदीने स्वतःच्या माश्या घडवल्या आहेत. आरएस-टू ही करड्या रंगाची बारीक माशी डेन्व्हरच्या रिम चुंग यांची, १९७० च्या दशकातली. बीव्हरची लोकर आणि शेपटीला दोन तंतू. पॅट डॉर्सी या इथल्याच वाटाड्याची मर्क्युरी मिज आणखी साधी: पांढरा दोरा, तांब्याची तार आणि डोक्याला चांदीच्या अस्तराचा काचेचा मणी. कोष वर येताना त्याच्या कातडीखाली वायूचा बुडबुडा चमकतो, तो हा मणी. बायो स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे सगळं स्वतः बांधते. माश्या बांधण्याच्या या खेळाशी आपलं नातं तसं जुनं आहे. व्हिक्टोरियन काळात सामन माशांसाठी ज्या झगझगीत माश्या बांधत, त्यांच्या गालावर जो पिवळा-पांढरा मेणचट ठिपका असतो, तो सह्याद्रीतल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसाचा. त्या पिसांची भारतातून निर्यात आता बंद आहे. मोरपिसाचे तंतू मात्र अजून प्रत्येक माशीवाल्याच्या खणात असतात.

पहिला तासभर काहीच झालं नाही. मी रेघेच्या वरच्या टोकाला टाकत होते, इंडिकेटर बुडबुड्यांबरोबर सुरेख वाहत येत होता, कुठे ओढ नाही, ताण नाही. माझ्या मते अगदी निर्दोष. मी मर्क्युरी मिज काढून काळी झेब्रा मिज लावायला घेतली, तेवढ्यात बायो पाण्यातूनच ओरडली.

"माशी कित्याक बदलतंस? खाली जावक नाय गो ती. आणखी एक गोळी घाल."

बायोची सगळी विद्या या एका वाक्यात आहे: माशी बदलूच्या आदी वजन बदल. कारण असं की नदीचं पाणी एका वेगाने वाहत नाही. वरचा थर जोरात जातो, आणि तळाशी दगडांच्या घर्षणाने तेच पाणी निम्म्या वेगाने सरकतं. मासा तळाशी आहे. माझा इंडिकेटर बुडबुड्यांच्या वेगाने चालत होता, म्हणजे तो माशीलाही त्याच वेगाने ओढत नेत होता, माशाच्या डोक्यावरून आणि घाईत. खरे किडे त्या वेगाने जातच नाहीत. वजन पुरेसं असलं की ते तळाच्या मंद पाण्यात शिरतं आणि वरच्या इंडिकेटरला मागे खेचतं. तेव्हा इंडिकेटर बाजूच्या बुडबुड्यांपेक्षा किंचित हळू चालायला लागतो. हीच खूण. मधूनमधून गोळी तळाच्या दगडाला टेकून तो अडखळला पाहिजे. कधीच अडखळत नसेल तर आपण उंचावर आहोत, प्रत्येक वेळी अडकत असेल तर फार जड आहोत.

मी सहा नंबरची एक गोळी वाढवली. ती मिरीच्या दाण्याहूनही लहान. एवढ्याने काय होणार, असं वाटतंच. मग अर्धा फूट खोली वाढवली. बुडबुडे इंडिकेटरला मागे टाकून पुढे जायला लागले.

हिवाळ्यात इंडिकेटर गपकन बुडत नाही, हेही सांगून ठेवते. मासा माशी तोंडात घेतो, नको वाटली तर टाकून देतो, आणि या सगळ्यात तो दोन इंचही हललेला नसतो. वर दिसतं ते इतकंच, की इंडिकेटर क्षणभर थबकला. दगडाला लागूनही तो असाच थबकतो. फरक ओळखता येतो असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. प्रत्येक थबकण्याला काठी उचलायची, बस. बहुतेक वेळा दगड. त्या वेळी मात्र उचललेल्या काठीला खालून कोणीतरी डोकं हलवून नाही म्हणालं.

"वोड नको गो, वोड नको! सोड त्येका, जाऊ दे!" हे पकडलेला मासा सोडण्याबद्दल नव्हतं, दोरी सोडण्याबद्दल होतं. एवढ्या बारीक टिपेटवर जोर करता येत नाही. मासा पळाला की रीळ फिरू द्यायचं, थांबला की गुंडाळायचं, आणि काठी आडवी धरून त्याला बाजूने वळवत संथ पाण्यात आणायचं. थंड पाण्यात तो फार पळतही नाही. रेनबो जातीचा ट्राउट निघाला, हातभर लांब, अंगावर गुलाबी पट्टा.

त्या दिवशी सावलीत हवा शून्याखाली होती, आणि अशा हवेत ओला मासा वर उचलला तर कल्ल्यांची पातळ पानं काही सेकंदांत गोठू शकतात. त्यामुळे त्याला जाळीतच, पाण्यात ठेवून गळ काढायचा. गळाच्या टोकाला उलटा काटा नसला की चिमट्याने नुसतं उलटं फिरवलं तरी सुटतो. छायाचित्राचा मोह आवरायचा. माझ्या भावाला हे अजिबात कळत नाही. "एवढं करून सोडून देता?" असं तो दर वेळी फोनवर विचारतो. बायोचं उत्तर वेगळं आहे. डेन्व्हरच्या भारतीय दुकानातून गोठवलेले बांगडे आणून त्याचं तिखलं करणारी ही बाई ट्राउटला खाण्याचा मासा मानतच नाही. "गोड्या पाण्यातलो मासो! तेका चव खंय?"

बाराच्या आसपास काठीच्या कड्यांमध्ये बर्फ व्हायला लागला. ऊन आलं तरी डोंगराच्या बाजूने वारं सुटलं होतं. काठीवरच्या ज्या कड्यांतून दोरी जाते, त्यांत दोरीबरोबर आलेलं पाणी गोठतं आणि थोड्या वेळाने दोरी सरकतच नाही. अशा वेळी बर्फ नखाने फोडायचा नाही, कड्यांच्या आतली नाजूक रिंग निसटते; काठीचं टोक नदीत बुडवून धरायचं, चार अंशांचं पाणी तो वितळवतं. कोणी कड्यांना ओठांचा मलम लावतात, कोणी स्वयंपाकाचा तेलाचा फवारा. बायोने एकदा खोबरेल तेल लावून पाहिलं होतं. खोबरेल तर आमच्या इथे बरणीतच दगड होऊन बसतं.

जेवायला काठावर आलो. पोळीच्या गुंडाळीत बटाट्याची भाजी, लसणीची चटणी आणि थर्मासमधला चहा. समोर एका दगडावर राखाडी रंगाचा डिपर पक्षी गुडघे वाकवून उठाबशा काढत होता. मग तो सरळ पाण्यात चालत गेला, डोक्यावरून पाणी गेलं तरी चालतच राहिला, आणि भलतीकडे वर आला. तोही आमच्यासारखाच तळाचे किडे शोधत होता, पण त्याला वजनाच्या गोळ्या लागत नाहीत.

जेवताना बायोने पलीकडच्या उथळ भागात खडीचे फिकट गोल दाखवले. बाकी तळ शेवाळाने तपकिरी, आणि मध्येच स्वच्छ घासून ठेवल्यासारखे ते गोल. ब्राउन ट्राउटची मादी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेपटीने खडी उपसून तिथे अंडी घालते. अंडी सबंध हिवाळा त्या खडीतच असतात. त्यावर एक पाय पडला की संपलं. जानेवारीत दिसायला ती नुसती सोपी, उथळ, ओलांडायला सोयीची जागा असते, म्हणून नवीन माणूस नेमका तिथूनच नदी ओलांडतो.

ब्राउन आणि रेनबो, दोघेही इथले नव्हेत. रेनबो कॅलिफोर्नियाकडचा, ब्राउन युरोपातला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणून सोडलेले. इथला मूळचा ग्रीनबॅक कटथ्रोट. या नदीच्या खोऱ्यातला खरा ग्रीनबॅक फक्त कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या बेअर क्रीक या एका ओढ्यात उरला होता, हे २०१२ मध्ये जनुकीय अभ्यासातून कळलं. तोवर भलत्याच माशांना ग्रीनबॅक समजून जपणं चाललं होतं. उपऱ्यांनाही सुख नाही. १९९० च्या दशकात व्हर्लिंग डिसीज नावाचा परजीवीचा रोग कोलोरॅडोत पसरला. त्यात पिल्लांच्या कूर्चा खराब होतात आणि ती शेपटीमागे गोल गोल फिरत मरतात. हा परजीवी युरोपातला, त्यामुळे तिकडच्या ब्राउनला त्याची सवय होती. रेनबोंच्या पिढ्या मात्र नदीतच संपत गेल्या. नंतर जर्मनीतल्या एका मत्स्यशेतीतली, रोगाला दाद न देणारी होफर जात आणून तिच्याशी संकर करून रेनबो पुन्हा सोडले गेले. सकाळी ज्याने मला नाही म्हटलं, त्याच्या अंगात ते जर्मन रक्त असेलही.

दीडच्या पुढे वारा पडला आणि तासभर तो प्रकार झाला, ज्याची हिवाळ्यात खात्री नसते. वळणाच्या खालच्या आरशासारख्या संथ पाण्यावर बारीक वर्तुळं उठायला लागली. मिज बाहेर पडत होते. बर्फावर काळे ठिपके चालताना दिसले, बायोच्या टोपीवर चालले, माझ्या चष्म्यावर बसले. आणि पाण्यात माशांची नाकं.

आता सगळं काढायचं: गोळ्या, बुच, अंडं, सगळं. गारठलेल्या बोटांनी चोवीस नंबरच्या गळाच्या भोकात ०.१२७ मिलिमीटरचा धागा ओवणं हे काम पंचेचाळिशीनंतर आकाशाकडे हात करूनच करावं लागतं. बोटं उघडी ठेवणारे लोकरी हातमोजे, त्यात तापणारी पुडी, आणि तरीही बोटं आपली वाटत नव्हती. बायोने ग्रिफिथ्स नॅट लावली. मोराच्या पिसाचा तंतू आणि त्यावर करड्या कोंबड्याचं पीस गुंडाळलेली ही माशी, एक किडा नव्हे तर किड्यांचा पुंजका दाखवते, आणि एकेक किडा गोळा करायला कंटाळलेल्या माशाला तो सोयीचा असतो. ती ज्या जॉर्ज ग्रिफिथच्या नावाची आहे, त्याच्याच मिशिगनमधल्या घरी १९५९ मध्ये ट्राउट अनलिमिटेड ही संस्था सुरू झाली.

आता काठी चालवणं लागत होतं, आणि तिथे बायो माझ्याहून फार पुढे आहे. गुडघ्यावर बसून, माशांच्या मागून, खालच्या अंगाने. दोरी हवेत एकदाच मागे, एकदाच पुढे. माशी वर्तुळाच्या हातभर वर पडली, वाहत आली, आणि मासा तिच्याखाली येऊन नुसता बघून गेला. पुन्हा. पुन्हा बघून गेला. तिसऱ्यांदा तिने दोरी टाकण्याआधी टिपेटवर बोटांनी ओला चिखल चोळला.

"हे काय?"

"चमकता गो तो. मासो दोरी बघता, माशी नाय."

यावर मी काही बोलले नाही, कारण मला ते पटलं नव्हतं आणि माझा अजूनही त्यावर तिच्याशी वाद आहे. माझ्या मते तोवर माशी भिजून पाण्यात थोडी बुडली होती, आणि मासा बुडू लागलेले किडेच टिपत होता. काही असो, त्याने ती घेतली. घेतानाचा आवाज असा काही नसतो, नाक वर, नाक खाली. ब्राउन होता, चांगला जाडजूड, पिवळ्या पोटाचा, बाजूला लाल ठिपके. तो पळाला नाही, तळाशी जाऊन बसला. बायो पाण्यात उभी, काठी अर्धवर्तुळ झालेली, आणि दोघांपैकी कोणी हलायला तयार नाही. मी जाळी घेऊन खाली उभी. शेवटी तिने काठी उजवीकडून डावीकडे नेली, त्याचं डोकं वळलं आणि तो माझ्या दिशेने आला.

जाळीत आल्यावर बायो त्याच्याशी मालवणीत काहीतरी बोलली. मला ते ऐकू आलं, पण इथे छापण्यासारखं नाही.

तीनला सावली पाण्यावर आली आणि वर्तुळं बंद झाली. आम्ही आणखी अर्धा तास गोळ्या आणि बुच परत लावून खोल भागात ओढाओढ केली. मला एक छोटा ब्राउन मिळाला, बायोला दगड. मग पायांची जाणीव संपली तेव्हा निघालो. परतीच्या रस्त्यावर शनिवारची गाड्यांची रांग. चिखलाच्या त्या मुद्द्यावर आमचं पाइन जंक्शनपासून डेन्व्हरपर्यंत पुरलं.

घरी आल्यावर एक काम उरतंच. न्यूझीलंडची चिखलगोगलगाय २००४ मध्ये बोल्डर क्रीकमध्ये सापडली, आणि मग या नदीच्या वरच्या भागातही. तिळाएवढी असते. एकटी मादी नराशिवाय पिल्लं देते, आणि ट्राउटने गिळली तरी बऱ्याचदा जिवंतच बाहेर पडते, म्हणजे माशाच्या पोटाला काही मिळत नाही. एका नदीतून दुसऱ्या नदीत ती मासेमारांच्या बुटांवरून जाते. म्हणून बूट ब्रशने घासायचे, पूर्ण वाळवायचे, किंवा रात्रभर गोठवायचे. माझ्याकडे तेवढी जागा नाही, मी वाळवते. बायोच्या गॅरेजमध्ये डीप फ्रीझर आहे. तिने बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सुरमईच्या पाकिटांवर ठेवले आणि मला फोटो पाठवला. खाली तिच्या नवऱ्याचा निरोप होता: रविवारी जेवायला या, पण पिशवी कोणती उघडायची ते आधी येऊन दाखवून जा.